शेजारच्या सीटचा ब्रेक

आमचे हे गाडी शिकवतात. म्हणजे चालवतो शिकणारा, हे शेजारी बसतात. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो ह्यांच्या उजव्या पायाखाली. शिकणाऱ्याचं लक्ष आरशात, आरशातून स्वतःच्या केसांकडे, आणि समोरून येणारी सायकल राहिली बाजूलाच. तेवढ्यात ह्यांचा पाय दाबलेला असतो आणि गाडी जागच्या जागी उभी. आरडाओरडा नाही, अपमान नाही. "हां, आता पुन्हा पहिला गिअर," एवढंच. इतकी वर्षं हे काम केलं, पण शेजारी बसलेल्या कुणाला साधं खरचटू दिलं नाही. आख्ख्या वस्तीत ह्यांना ब्रेककाका म्हणतात. ह्यांना त्याचा राग तर नाहीच, उलट कुणी तशी हाक मारली की मान दोन इंच वर जाते.

पण पाय म्हणजे काही टोपी नव्हे, घरी आल्यावर खुंटीला टांगायला. दूध उतू जायला आलं की हे खुर्चीत बसल्या जागी पाय दाबतात. उठून गॅस बंद करतील तर शपथ. टीव्हीवर कुणी जिन्यावरून घसरायला आलं, दाब पाय. मी बहिणीशी फोनवर जरा वरच्या पट्टीत बोलायला लागले की ह्यांचा गुडघा ताठ झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. माझं तोंड काय ब्रेकनं थांबणार आहे? लग्न झालं तेव्हा वाटलं, माणसाला काहीतरी दुखणं दिसतंय, घरच्यांनी लपवलं. मग सवय झाली. सवय झाली म्हणजे दिसेनासंच झालं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

माझी नोकरी रक्त तपासतात तिथं, खिडकीवर. लोक रिपोर्ट न्यायला येतात. आत काय लिहिलंय ते मला बहुतेक वेळा आधी कळलेलं असतं, आणि माणूस पाकीट घ्यायच्या आधी माझं तोंड वाचायला बघतो. मी मख्ख. चांगलं असो वाईट असो, पाकीट सरकवायचं आणि पुढच्याला बोलवायचं. सुरुवातीला फार जड गेलं. आता आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईसुद्धा नव्या मुलींना सांगतात, हिच्याकडून तोंड कसं ठेवायचं ते शिका.

आम्हाला एकच मुलगी, घरात तिला ठकी म्हणतो. ठकीला बुद्धिबळ शिकवलं ह्यांनीच. ह्यांचा स्वतःचा नाद ड्रायव्हिंग स्कूलच्या कचेरीतला. एक शिकवणी संपली आणि दुसरी यायचीय, तेवढ्यात बाकीच्या शिक्षकांबरोबर धडाधड डाव. चहा गार व्हायच्या आत एक राजा मेला पाहिजे असा तिथला कायदा. ठकी लहानपणी ह्यांच्या मांडीवर बसून ते बघायची आणि थोड्याच दिवसांत मोठ्या माणसांना मात द्यायला लागली. मग काय, ह्यांना दुसरं काही सुचेना. जिथं म्हणून मुलांची स्पर्धा असेल तिथं ही बापलेक शिकवणीची गाडी घेऊन हजर. ठकी पटावर, आणि हे समोरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या पालकांच्या खुर्च्यांत, पहिल्या रांगेत, बरोबर तिच्या नजरेसमोर. पोरगी जिंकायची. कप यायचे. कपाटावर जागा उरली नाही तेव्हा शिवणाचं मशीन आतल्या खोलीत गेलं, आणि मी कुरकुर केली तर हे म्हणाले, अगं, मशीन काय कुठंही राहील.

दहावी झाल्यावर ठकीनं एकच हट्ट धरला. बुद्धिबळाचं एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं मुलं राहून शिकतात, दिवसभर खेळ आणि अभ्यास. तिथं तिला जायचं होतं. दरवर्षी एक मोठी, सगळ्या वयाच्या लोकांना खुली स्पर्धा होते, तिच्यात खेळणाऱ्या मुलांपैकी पहिल्या तिघांना केंद्रात घेतात. बाकी कुठली ओळख चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. आणि त्या स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या एक मॅडम आमच्याच भागात राहायच्या. कधीकाळी देशाकडून खेळलेल्या. आखूड केस, तोंडात कायम पेन्सिल, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण ह्यांच्या घराचं दार चुकून वाजवलं.

हे त्या मॅडमकडे सगळे कप पिशवीत भरून घेऊन गेले. नको म्हटलं तर ऐकतील कसे. मॅडमनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा आहे, तिथं मुलीला खेळू द्या, मी येऊन बसते. आणि खरंच आल्या. मागच्या खुर्चीवर बसल्या. मीही त्या दिवशी सुट्टी म्हणून गेले होते. ठकी एकामागून एक दोन डाव जिंकली. ह्यांची छाती फुगलेली. मग मॅडमनी आम्हाला खुणेनं बाहेर बोलावलं, पेन्सिल तोंडातून काढली, आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी पट बघून खेळत नाही. तुमचा पाय बघून खेळते."

आम्हाला कळेचना. मग त्यांनी समजावलं, दिवे बंद करायची सूचना द्यावी तितक्या थंडपणे. ठकी सोंगटीवर हात नेते, पण सोंगटीला शिवत नाही, कारण शिवली की ती चालावीच लागते. हात तसाच हवेत धरते आणि वर बघते. ह्यांचा गुडघा हलला नाही तर ती चाल करते. चाल घातकी असेल तर ह्यांचा पाय आपोआप दाबला जातो, गुडघा ताठ होतो, आणि ठकीचा हात दुसऱ्या सोंगटीवर जातो. दोन डावांत असं पाच-सहा वेळा झालं म्हणे. त्या सांगत होत्या तसा हवेतला हात मी कितीदा पाहिला होता. मला वाटायचं, पोरगी विचार करतेय.

हे हसले. खोटं नाही सांगत, हसले. म्हणाले, मॅडम, पायाला सवय आहे हो, त्याचा आणि डावाचा काय संबंध, पोरीच्या डोक्यात आहे ते. गाडीत बसल्यावरही बडबड चालूच. मोठे खेळाडू असे विक्षिप्तच असतात, दुसऱ्याचं यश बघवत नाही, आपण दुसरा कुणी गाठू. ठकी मागच्या सीटवर. मी तिच्याकडे आरशातून बघत होते, आणि ती खिडकीबाहेर.

जेवायला बसलो तरी ह्यांचं तेच. शेवटी ठकीनं ताटातून मान वर न काढता विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला वाटायचं तुम्ही मुद्दाम दाबता."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. अगदी लहान होती तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. तिला वाटलं, बाबा मदत करतात, आणि ही आपली दोघांची चोरी आहे, कुणाला सांगायची नसते. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली. पण तुम्हीच इतके खूष असायचात, म्हणाली, तुम्हाला कसं सांगू की आता पाय दाबू नका. आणि मग न बघता खेळून पाहिलं तर यायचंच नाही नीट, पुन्हा नजर तिकडं जायचीच.

म्हणजे बघा. बापाला वाटत होतं पोरगी हुशार आहे, पोरीला वाटत होतं बाप लबाड आहे, आणि दोघंही एकमेकांचं मन राखत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणावर चिडू? ह्यांच्यावर चिडावं तर त्यांचा हेतू नाही, तिच्यावर चिडावं तर ती तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. तरी मी चिडलेच, दोघांवरही, आणि जोरात ताटं गोळा करून आत गेले. आत जाऊन कपाटाकडे बघितलं. ते सगळे चकचकीत कप. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर हे घरात पाय असे जमिनीला चिकटवून बसायचे की बघणाऱ्याला दया यावी. दूध उतू गेलं तरी गुडघा हलायचा नाही, हलवायचेच नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली त्या पायाची. आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका नवशिक्या बाईंना मैदानाच्या कडेनं गाडी मागं घ्यायला शिकवत होते. बाईंनी ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला. ह्यांचा पाय नेहमीसारखा आपोआप जायला निघाला, आणि ह्यांनी तो आवरला. एक क्षणच आवरला. गाडी भिंतीवर. कुणाला लागलं नाही, मागचा दिवा फुटला, पत्रा चेपला. मालकांनी काही दिवस ह्यांना गाडीवरून काढून वर्गात बसवलं, रस्त्यावरची चिन्हं शिकवायला. जन्मात पहिल्यांदा ब्रेककाकांच्या गाडीला धक्का लागला होता. वस्तीत बातमी व्हायला कितीसा वेळ लागतो.

मला वाटलं आता बुद्धिबळ संपलं. पण ठकी एकटीच मॅडमकडे जाऊन आली. तिनं तिथं जाऊन सरळ सांगितलं की तुम्ही म्हणालात ते खरं आहे, आणि मला स्वतःचं काय येतं ते मला ठाऊक नाही, पण मला शिकायचंय. मॅडमनी होकार दिला, वर अट घातली. वडिलांनी हॉलच्या आत पाऊल टाकायचं नाही. कुणी मोठं बरोबर लागतंच, तर आईनं यायचं. मला बोलावून विचारलं, बुद्धिबळातलं काय कळतं. मी म्हटलं, घोडा वाकडा चालतो, एवढंच. फार छान, म्हणाल्या. नोकरी काय विचारलं. सांगितली. तर आयुष्यात पहिल्यांदा त्या बाई हसलेल्या मी पाहिल्या. म्हणजे तोंडावर काही दिसणार नाही, म्हणाल्या. मी ऐटीत म्हटलं, आमच्या तोंडावर अजून कुणाला काही दिसलेलं नाही.

आता शिकवणं कसलं ते ऐका. मला वाटलं होतं काही गुपितं असतील, डावपेच असतील. कसलं काय. पहिले कित्येक आठवडे पटावर फक्त दोन राजे आणि एक प्यादं. एवढंसं प्यादं शेवटच्या घरापर्यंत कसं न्यायचं, आणि समोरच्यानं नेलं तर कसं अडवायचं. मोबाईलवरचे झटपट डाव बंद. हात मांड्यांखाली दाबून बसायचं, चाल पक्की ठरल्याशिवाय हात बाहेर काढायचाच नाही. प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारायचं, समोरच्याला काय हवंय. हरलेला प्रत्येक डाव पुन्हा मांडायचा आणि चूक नुसती शोधायची नाही, त्या चुकीच्या आधी डोक्यात काय आलं होतं ते शोधायचं. पोरगी रडकुंडीला यायची. जिंकलेले डाव मॅडम बघायच्यासुद्धा नाहीत. आणि एक वाक्य सारखं, जपासारखं. "दिसेल तेच खेळायचं. दुसऱ्याला दिसलेलं खेळायचं नाही."

आणि निकाल? शून्य. शून्याच्याही खाली काही असेल तर तेच. ज्या मुलांना ती डोळे मिटून हरवायची, म्हणजे हरवते असं आम्हाला वाटायचं, ती तिला आडवी करायला लागली. लोक विचारायचे, काय हो, एवढं महागडं शिक्षण लावलं आणि पोरगी उलटी गेली की. ह्यांना ते सहन व्हायचं नाही. हे बाहेर गाडीत बसलेले, ठकी मान खाली घालून येणार, ह्यांनी काही न विचारता गाडी सुरू करायची, असं वर्षाचा निम्मा काळ चाललं. एकदा मला एकटीला गाठून म्हणाले, पुरे करू या हे, निदान पूर्वी आनंदात तरी होती. माझा पाराच चढला. म्हटलं, आनंदात तुम्ही होतात. आणि पी हळद नि हो गोरी असं कुठं झालंय का? तुमच्याकडे लोक पहिल्या दिवशी हायवेवर जातात का? आणि त्या पायाबद्दलही मी त्यांना बोलले, नको इतकं बोलले. माणसाला स्वतःचा पाय जागेवर ठेवता येत नाही म्हणजे काय, म्हटलं.

हॉलमध्ये मी बसायचे. ह्यांच्याच जागी, पहिल्या रांगेत. ठकीचा हात हवेत जायचा, नजर वर यायची, आणि समोर कोण, तर मी, मख्ख. पहिल्या पहिल्यांदा माझ्यावर अशी खवळायची ती. घरी येऊन म्हणायची, तू बसूच नकोस तिथं, तुझ्याकडे बघून काहीच सुचत नाही. मलाही का कमी यातना होत होत्या? आपलं पोर बुडतंय आणि आपण काठावर भिंतीसारखं बसायचं. आणि मला तर काही कळतही नव्हतं. तास-तास बसून करायचं काय? पट समजत नाही, म्हणून मी माणसं बघायचे. तो तर माझा धंदाच. कोण घाबरल्यावर कान खाजवतो, कोण जिंकायला आला की पाणी प्यायला उठतो, सगळं पाठ झालं मला.

पुढं पुढं ठकीची नजर वर यायची कमी झाली. हात मांडीखाली राहायला लागले. एका खुल्या स्पर्धेत ती एका उतारवयाच्या गृहस्थांबरोबर इतका वेळ खेळत राहिली की हॉलमध्ये तेवढा एकच पट उरला, झाडूवाला दाराशी येऊन थांबला. शेवटी पटावर दोन राजे आणि तिचं एक प्यादं. ते प्यादं तिनं ढकलत ढकलत नेलं आणि जिंकली. बाहेर आली ती गाडीत बसल्याबरोबर झोपून गेली. ह्यांनी मला खुणेनं विचारलं, मी खुणेनं सांगितलं, आणि हे घरापर्यंत गाडी इतकी सावकाश चालवत आले की मागचे लोक हॉर्न वाजवून वैतागले.

मग ती मोठी स्पर्धा आली. ठकी चांगली खेळली. हरलीही, पण जिंकली जास्त, आणि शेवटच्या डावाला बसली तेव्हा हिशेब असा होता की हा डाव नुसता बरोबरीत सुटला तरी ती पहिल्या तिघांत, केंद्रात जागा पक्की. हरली तर मात्र गेली. त्या दिवशी ह्यांनी बाहेर गाडीत बसून देव पाण्यात घातले असतील. मी आत.

समोर एक टक्कल पडलेले गृहस्थ. सारखे पेपरमिंटची गोळी चघळणारे. मी त्यांना आधीच्या दिवसांतही पाहिलं होतं. त्यांचा जबडा अखंड चालू असायचा, आणि समोरचा खेळाडू चुकायला निघाला की एकदम थांबायचा. चूक झाली की पुन्हा चालू. त्यांच्याशी खेळणाऱ्याला ते दिसायचं नाही, कारण तो पटात बुडालेला. मला दिसायचं, कारण मला पट दिसायचाच नाही.

डाव खूप लांबला. ठकी बरी होती असं मागाहून कळलं, बरोबरी सहज होती. ती बराच वेळ विचार करत होती. मग तिचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला, हत्तीवर गेला, आणि हवेत थांबला.

त्या माणसाचा जबडा थांबला.

मी नुसती खोकले असते तरी पुरलं असतं. खुर्ची सरकवली असती, हातातली पर्स पाडली असती, कुणाला संशय आला नसता. माझ्या पोरीचं सगळं वर्ष, तिचं केंद्र, सगळं त्या एका हाताखाली लटकत होतं, आणि ते मला दिसत होतं, बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला. वर्षभर मी ह्यांना जे टोमणे मारले ते सगळे मला आठवले. पाय जागेवर ठेवता येत नाही म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या सगळ्या अंगाचाच तो पाय झाला होता. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

आणि नेमकं तेव्हाच, कित्येक महिन्यांनी, ठकीनं वर बघितलं. माझ्याकडे. मी मख्ख राहिले. देवाशपथ, पापणी हलवली नाही. तिनं बघितलं, हात मागं घेतला, पुन्हा मांडीखाली दाबला आणि पटाकडे बघत बसली. तिचं घड्याळ पळत होतं. मला वाटलं सापडलं हिला, वाचलो. बराच वेळ गेला. मग तिनं हात बाहेर काढला आणि तोच हत्ती उचलून तिथंच ठेवला. जबडा चालू झाला. थोड्या वेळानं ठकीनं आपला राजा आडवा करून हार मानली, त्यांच्याशी हात मिळवला आणि उठली.

मॅडम दाराशी होत्या. त्यांनी डाव बघितला होता. म्हणाल्या, हत्ती. ठकी म्हणाली, हो. पुढच्या सोमवारपासून ये, मॅडम म्हणाल्या, आणि पेन्सिल तोंडात घालून निघून गेल्या.

गाडीत ह्यांना काही सांगायची गरज पडली नाही. आमच्या चालण्यावरूनच कळलं. मग ह्यांना राहवेना. म्हणाले, मी आत असतो तर. आणि जीभ चावली. मी आता काहीतरी लागट बोलणार, तेवढ्यात मागून ठकी म्हणाली, आई होतीच की आत.

ती काय सांगणार, तिला काय कळतंय, हे म्हणाले.

"तिला कळलं होतं," ठकी म्हणाली. "आई, एरवी तू जांभया देतेस, बाकीच्यांकडे बघत असतेस. तेव्हा एकदम पुतळा झाली होतीस. मी हत्तीवर हात नेला म्हणूनच. मला लगेच समजलं की ही चाल चुकतेय."

ह्यांनी विचारलं, मग तरी का खेळलीस?

"चुकतेय एवढं समजलं. का चुकतेय ते मला पटावर दिसेना. किती शोधलं, बाबा. नाहीच दिसलं. मग दुसरी चाल केली असती तर ती आईची झाली असती."

ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. समोर बघत बसले. मागून गाड्या जात होत्या. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे केंद्र गेलं ना गं या वर्षीचं?"

"गेलं," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आलं. हमसून हमसून रडायला लागली. हे सीटवरून मागं वळले. तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि मध्येच थांबले.

"ठेवू?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली, मग त्यांनी ठेवला.